संध्याकाळ झाली की एक्स-१० चे दिवे ऐकत नाहीत – वायरीतला नॉइज कसा शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्वदच्या दशकात बांधलेलं घर घेतलंत, आधीच्या मालकाने घरभर एक्स-१० चे, म्हणजे विजेच्या वायरीवरूनच दिवे रिमोटने चालवणाऱ्या जुन्या सिस्टिमचे, स्विच आणि मॉड्यूल (सॉकेट आणि दिव्याच्या मधले, हुकूम ऐकणारे डबे) बसवलेत, दिवसा सगळं ठीक चालतं पण संध्याकाळ झाली की लिव्हिंग रूम आणि बेसमेंटचे दिवे रिमोटला दाद देत नाहीत, वरच्या मजल्यावरचे मात्र देतात. शिवाय अधूनमधून रात्री दोनच्या सुमारास डायनिंगचा दिवा आपोआप लागतो. कोणी सांगितलं अ‍ॅम्प्लिफायर लावा म्हणजे सिग्नल वाढेल, कोणी सांगितलं सगळं उपटून टाका, आणि शेवटी तुम्ही विचारलंय की काढलेली मॉड्यूल पुण्याच्या फ्लॅटमध्ये चालतील का.

मी इथं न्यू जर्सीतच घरांचं वायरिंग आणि कंट्रोलचं काम करतो, आणि अशी जुनी घरं अजूनही नेहमी हाताखालून जातात. माझं म्हणणं आधीच सांगतो, अ‍ॅम्प्लिफायर आत्ता घेऊ नका. अशा जवळजवळ प्रत्येक घरात दोष सगळ्या सिस्टिमचा नसतो, दोन-चार वस्तूंचा असतो, आणि त्या वस्तू प्लग काढून शोधता येतात. त्या सापडल्या की बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायर लागतच नाही, आणि त्या न शोधता अ‍ॅम्प्लिफायर लावला तर महिनाभर बरं चालतं आणि घरात नवीन चार्जर आला की परत तेच.

आता हे चालतं कसं ते थोडं समजून घ्या, कारण त्याशिवाय शोधाशोध आंधळी होते. एक्स-१० हे १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढलं आणि १९७८ पासून अमेरिकेत सीअर्स आणि रेडिओशॅकच्या दुकानांत मिळायला लागलं. घराच्या विजेच्या वायरीवरूनच हुकूम जातो. वीज सेकंदाला ६० वेळा वरखाली होते आणि दर वेळी दोनदा शून्यातून जाते, त्या शून्याच्या क्षणाला लागून ट्रान्समीटर १२० किलोहर्ट्झचा एक छोटासा झटका सोडतो, साधारण १ मिलिसेकंदाचा. झटका आणि त्याच्या पुढच्या शून्याला शांतता म्हणजे १, आधी शांतता आणि मग झटका म्हणजे ०. एक पूर्ण हुकूम, म्हणजे कुठला दिवा आणि काय करायचं, हे सगळं दोन-दोनदा पाठवलं जातं आणि त्याला ४७ सायकल लागतात, पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. रिमोट दाबल्यावर दिवा लागायला जो वेळ जातो तो हाच.

ट्रान्समीटर सोडतो तेव्हा सिग्नल काही व्होल्टचा असतो, तुमच्या मॉड्यूलपर्यंत पोचेपर्यंत तो मिलिव्होल्टात येतो. साधारण १०० मिलिव्होल्ट मिळाले तर मॉड्यूल भरवशाने ऐकतं, त्याच्या खाली गेलं की नशिबाचा भाग. म्हणजे बिघाड दोनच प्रकारचा असू शकतो, एकतर सिग्नल वाटेत कोणीतरी खातंय नाहीतर शून्याच्या क्षणाला वायरीवर दुसराच कोणीतरी बडबडतोय. पहिल्याला आम्ही सिग्नल खाणारा म्हणतो, दुसरा म्हणजे नॉइज. लोक दोन्हीला सरसकट नॉइज म्हणतात आणि तिथंच गडबड होते कारण खाणारी वस्तू अगदी शांत असते, रेडिओवर ऐकू येत नाही की मीटरवर नॉइज म्हणून दिसत नाही.

खाणाऱ्याचं गणित बघा. कॉम्प्युटर, टीव्ही, यूपीएस, चांगल्यातलं सर्ज प्रोटेक्टर या सगळ्यांच्या आत, विजेच्या दोन तारांमध्ये सरळ आडवा, एक फिल्टर कपॅसिटर असतो. समजा ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे. ६० हर्ट्झच्या विजेला तो साडेपाच हजार ओहमच्या वर दिसतो, म्हणजे असून नसल्यासारखा. पण १२० किलोहर्ट्झला तोच कपॅसिटर तीन ओहमपेक्षा कमी होतो. तुमचा सिग्नल त्या सॉकेटजवळून जाताना जवळजवळ शॉर्ट होतो. आणि हा कपॅसिटर बहुतेक वस्तूंत त्यांच्या स्वतःच्या बटणाच्या आधी असतो किंवा वस्तू स्टँडबायवरच असते, त्यामुळे टीव्ही रिमोटने बंद करून काही उपयोग नाही. आपल्याकडे भारतात भिंतीवरच्या सॉकेटला बटण असतं, ते बंद केलं की विषय संपला, इथं तसं नाही, इथं प्लगच ओढून काढायचा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तपासताना लोक “सगळं बंद केलं होतं” असं म्हणतात आणि प्रत्यक्षात एकही प्लग काढलेला नसतो.

आता नॉइजकडे. १९८०-९० मध्ये याच घरांत एक्स-१० छान चालायचं मग आता काय झालं? त्या वेळी बहुतेक अ‍ॅडॅप्टरमध्ये लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असायचा, त्याचा वायरीला काहीच त्रास नव्हता. मग वीज वाचवण्याचे नियम आले, अमेरिकेत २००७ च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २००८ पासून बाहेरच्या अ‍ॅडॅप्टरना किमान कार्यक्षमता सक्तीची झाली आणि ते जड ठोकळे गेले, त्यांच्या जागी हलके स्विचिंग अ‍ॅडॅप्टर आले. हे आत सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतात. पुष्कळांची फ्रिक्वेन्सी ६५ किलोहर्ट्झच्या आसपास असते, तिची दुप्पट १३०, म्हणजे एक्स-१० च्या अगदी शेजारी. काही तर सरळ १०० ते १३० च्या मध्येच चालतात. आणि यात बेकायदा काही नाही! अमेरिकेत अशा डिजिटल उपकरणांनी वायरीवर किती घाण सोडावी याची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून वर मोजतात. म्हणून डिझाइन करणारा माणूस मुद्दाम मूळ फ्रिक्वेन्सी १५० च्या खाली ठेवतो, म्हणजे तपासणीत ती धरलीच जात नाही. १२० किलोहर्ट्झ नेमका त्या मोकाट पट्ट्यात बसतो. त्यामुळे डब्यावर कितीही शिक्के असले, ब्रँडेड असलं, तरी ती वस्तू एक्स-१० साठी स्वच्छ आहे असं त्यावरून धरता येत नाही, लावून बघावंच लागतं.

स्वस्तातले एलईडी बल्ब, जुने सीएफएल, लॅपटॉपचे चार्जर, फिश टँकच्या लाइटचं बॅलास्ट, ट्रेडमिलचा कंट्रोल बोर्ड, हे नेहमीचे संशयित. विजेच्या वायरीवरून चालणारा प्लग-इन इंटरकॉम किंवा जुना बेबी मॉनिटर असेल तर तो सगळ्यात वाईट, बोलण्याचं बटण लॉक करून ठेवलं असेल तर त्याचा कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारा सिग्नल, अखंड चालू राहतो आणि घरातलं एकही मॉड्यूल ऐकत नाही. छपरावर सोलर आणि प्रत्येक पॅनेलखाली मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारे छोटे डबे) असतील तर तेही आपल्या बॉक्सशी घरातल्या वायरीवरूनच बोलतात, पण त्याची खूण उलटी असते, ऊन असताना बिघडतं आणि रात्री सुधारतं. तुमचं संध्याकाळी बिघडतंय म्हणजे ते बाजूला ठेवा.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की वरचा मजला चालतो आणि खालचा नाही. इथल्या घरात १२० व्होल्टचे दोन लेग, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या जिवंत तारा, येतात, दोन्ही मिळून २४०. एका लेगवर सोडलेला सिग्नल दुसऱ्या लेगवर जायला घरात सरळ रस्ता नसतो, तो बाहेर खांबावरच्या किंवा अंगणातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत येतो आणि तोपर्यंत पार थकलेला असतो. तुमचा रिमोटचा रिसीव्हर, ते अँटेनावालं टीएम७५१, बहुधा वरच्या मजल्याच्या लेगवर लावलेलं आहे आणि लिव्हिंग रूम, बेसमेंट दुसऱ्यावर. दिवसा कसाबसा पोचतो, संध्याकाळी टीव्ही, लॅपटॉप, दिवे लागले की तेवढाही उरत नाही. म्हणजे नॉइज आहेच पण मुळात सिग्नल काठावर होता.

हे तपासायची जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती म्हणजे संध्याकाळी दिवा ऐकत नसताना इलेक्ट्रिक ओव्हन किंवा इलेक्ट्रिक ड्रायर चालू करा आणि परत रिमोट दाबा. त्यांची हीटिंग कॉइल दोन्ही लेगच्या मध्ये असते, ती चालू असेपर्यंत सिग्नलला पूल मिळतो. दिवा लगेच ऐकायला लागला तर प्रश्न लेगचा आहे हे पक्कं. न्यू जर्सीत पुष्कळ घरी ड्रायर आणि शेगडी दोन्ही गॅसवर असतात, तसं असेल तर टीएम७५१ उचला आणि लिव्हिंग रूममधल्याच सॉकेटला लावून बघा. खालचं सुधारलं आणि वरचं बिघडलं तर तेच उत्तर. कुठली खोली कुठल्या लेगवर ते ब्रेकरच्या पॅनेलचं दार उघडून ब्रेकरच्या नंबरवरूनही कळतं, साधारणपणे १ आणि २ एका लेगवर, ३ आणि ४ दुसऱ्यावर, ५ आणि ६ परत पहिल्यावर, असं खाली जातं. एका खाचेत दोन अरुंद ब्रेकर कोंबलेले असतील तर हा हिशेब जरा चुकतो.

लेगचा प्रश्न निघाला तर उपाय कपलर, म्हणजे दोन लेगच्या मध्ये फक्त १२० किलोहर्ट्झला वाट देणारा छोटा डबा. ड्रायरचं २४० व्होल्टचं सॉकेट असेल तर त्यात लावायचा तयार मिळतो, नाहीतर पॅनेलमध्ये दोन पोलच्या ब्रेकरवर बसवायचा. पॅनेलमधलं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, मेन ब्रेकर पाडला तरी बाहेरून येणाऱ्या जाड तारा आणि त्यांचे स्क्रू जिवंतच असतात. इंटरनेटवर “दोन लेगमध्ये एक कपॅसिटर टाकून द्या” असं लिहिलेलं सापडेल, ते करू नका, चुकीच्या रेटिंगचा कपॅसिटर २४० व्होल्टवर फुटतो आणि पेट घेऊ शकतो.

कपलर लावल्यावर निम्मं काम होईल, मग उरलेल्या चोरांकडे वळा. पद्धत अशी. एक कंट्रोलर आणि एक लॅम्प मॉड्यूल घ्या, मॉड्यूलला साधा फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी नको, कारण तपासायच्या साधनातच शंका नको. दोन्ही पॅनेलच्या जवळच्या एकाच सर्किटवर लावा. कॉम्प्युटर वगैरे नीट शटडाउन करा आणि ते एक सर्किट सोडून सगळे ब्रेकर पाडा. आता दिवा दर वेळी ऐकला पाहिजे. नाही ऐकला तर दोषी त्याच सर्किटवर बसलाय, तिथले प्लग काढा. ऐकला तर एकेक ब्रेकर उचला आणि दर वेळी ऑन-ऑफ तीन-चारदा करून बघा. ज्या ब्रेकरला बिघडेल तो लिहून ठेवा, परत पाडा आणि पुढे जा. हे “परत पाडा” फार महत्त्वाचं आहे, नाहीतर पहिल्या दोषीच्या आवाजात दुसरा लपतो. आणि हे संध्याकाळीच करा, जेव्हा बिघडतं तेव्हा. शनिवारी दुपारी निवांत वेळ आहे म्हणून केलं तर सगळं व्यवस्थित चालेल आणि हाती काहीच लागणार नाही.

सर्किट सापडलं की त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढायचे आणि एकेक परत लावायचा. इथं मीटर असेल तर काम फार सोपं होतं. एल्क कंपनीचा ईएसएम१ नावाचा छोटा मीटर आहे, सॉकेटला लावला की सिग्नल किती येतोय आणि नॉइज आहे का ते दोन्ही दाखवतो, जुना वापरलेला मिळाला तरी घ्या. अ‍ॅम्प्लिफायरच्या पैशांत मीटर घेणं मला कधीही जास्त शहाणपणाचं वाटतं.

एका घरातलं उदाहरण देतो, म्हणजे हे दिसतं कसं ते कळेल. बेसमेंटमध्ये एक डेस्क, खाली पॉवर स्ट्रिप, स्ट्रिपला यूपीएस, यूपीएसला कॉम्प्युटर, आणि शेजारच्या सॉकेटला ट्रेडमिल. मीटर डेस्कशेजारच्या सॉकेटला लावला आणि वरून कोणालातरी रिमोट दाबत राहायला सांगितलं, ०.०५ व्होल्टच्या आसपास येत होतं आणि मध्येच तेही गायब. ट्रेडमिल तिच्या बटणाने बंदच होती. तिचा प्लग काढला, नॉइजचा दिवा विझला पण सिग्नलचा आकडा तिथंच, ०.०५. मग यूपीएसचा प्लग स्ट्रिपमधून काढला, आकडा ०.३ वर गेला. शेवटी स्ट्रिपच भिंतीतून काढली, रिकामी स्ट्रिप, तिला काहीही लावलेलं नाही, आणि आकडा ०.८ च्या पुढे. म्हणजे एका कोपऱ्यात तीन वस्तू, एक बडबडणारी आणि दोन खाणाऱ्या, आणि त्यातली एक म्हणजे सर्जवाली स्ट्रिप, जिच्यावर कोणी संशयच घेत नाही. एकच वस्तू काढून “काही फरक पडत नाही” म्हणत परत लावली असती तर तिघंही सुटले असते. म्हणून एक काढून फरक पडला नाही तर ती तशीच बाहेर ठेवा आणि दुसरी काढा.

मीटर नसेल तर बॅटरीवर चालणारा एएम रेडिओ घ्या, सगळ्यात खालच्या टोकाला, ५३० ते ६०० किलोहर्ट्झच्या मध्ये जिथं स्टेशन नाही तिथं लावा आणि सॉकेट, वायरी, बल्ब यांच्याजवळून फिरवा. रेडिओ १२० किलोहर्ट्झ ऐकू शकत नाही पण नॉइज करणारी वस्तू पटीतल्या फ्रिक्वेन्सीही सोडते, त्या गुरगुरल्यासारख्या ऐकू येतात. प्लग काढल्यावर गुरगुर थांबली तर तिला संशयितांच्या यादीत घाला, फक्त यादीतच, कारण रेडिओवर जोरात गुरगुरणारी वस्तू १२० ला निरुपद्रवी असू शकते आणि खाणारी वस्तू तर रेडिओला कळतच नाही. शेवटचा निकाल दिव्यानेच द्यायचा.

संध्याकाळचं म्हणून आणखी एक विचारतो, इलेक्ट्रिक गाडी आहे का? ऑफिसमधून आल्यावर चार्जिंगला लावता का? गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये मोठे फिल्टर कपॅसिटर असतात आणि ते २४० व्होल्टवर दोन्ही लेगच्या मध्ये येतात. तपासणं सोपं आहे, एक संध्याकाळ गाडी लावू नका. दोषी निघाली तर तेवढ्या करंटचा फिल्टर बसवणं महागात जातं, त्यापेक्षा गाडीतच चार्जिंगची वेळ रात्री बाराची करून ठेवा.

दोषी सापडल्यावर करायचं काय. वस्तू बदलता येत असेल तर बदला, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, विशेषतः चार्जर आणि एलईडी बल्ब, दुसऱ्या कंपनीचा लावून बघा. बदलता येत नसेल तर प्लग-इन फिल्टर. एक्स-१० चाच ५ अँपिअरचा एक्सपीपीएफ येतो, मोठ्या लोडसाठी १० अँपिअरचेही मिळतात. फिल्टर दोषी वस्तूच्या प्लगला लावायचा, ऐकत नसलेल्या दिव्याला नाही! फिल्टरच्या पलीकडे एक्स-१० चं मॉड्यूल लावलं तर ते कायमचं बहिरं होणार. टीव्ही, साउंडबार, गेम कन्सोल, राउटर असं सगळं एका स्ट्रिपवर असेल तर स्ट्रिप भिंतीला जाते तिथं एकच फिल्टर पुरतो. यूपीएस असेल तर फिल्टर भिंत आणि यूपीएसच्या मध्ये. ५ अँपिअर म्हणजे १२० व्होल्टवर ६०० वॉट, लेझर प्रिंटर किंवा ट्रेडमिल त्याच्यावर लावू नका, गरम होईल. त्यांना मोठा फिल्टर द्या, नाहीतर ट्रेडमिलचा प्लग वापरतानाच लावायची सवय करा, तेवढ्यात भागतं.

वायरीवर चिमटा लावायच्या फेराइटच्या काळ्या रिंगा लोक हौसेने घेतात. त्या काही मेगाहर्ट्झच्या वर उपयोगी आहेत, १२० किलोहर्ट्झला त्यांचा विरोध एखाद्या ओहमच्या घरात असतो. पैसे वाया.

अलीकडे घरात काही रिमॉडेलिंग होऊन आर्क फॉल्टचे, म्हणजे एएफसीआय, ब्रेकर बसवले असतील तर तेही बघून ठेवा. त्यातले काही सिग्नल बराच कमी करतात आणि ते फक्त त्या सर्किटपुरतं असतं, म्हणून नवीन केलेली खोलीच तेवढी ऐकत नाही असं दिसतं. तो ब्रेकर सुरक्षेसाठी आहे, एक्स-१० साठी तो काढून साधा बसवू नका, त्या खोलीला दुसरा इलाज करा.

एवढं करून घर मोठं आहे, चार हजार स्क्वेअर फूट वगैरे, आणि टोकाच्या खोलीत अजूनही सिग्नल कमी पडतोय, तर मग साध्या कपलरच्या जागी कपलर-रिपीटर बसवा, तो ऐकलेला हुकूम नव्या जोराने दोन्ही लेगवर पाठवतो. घरात एकच रिपीटर ठेवा, दोन बसवले तर एकमेकांचंच ऐकून परत परत पाठवत बसतात. आणि नॉइज तसाच ठेवून रिपीटर बसवला तर त्यालाही मूळ हुकूम नीट ऐकू येत नाही, मग तो पाठवणार काय.

आता रात्री दोनचा दिवा. सगळेजण हे नॉइजच्या माथी मारतात आणि मला ते पटत नाही. हुकुमाची सुरुवात १११० अशी ठरलेली असते आणि पुढचा प्रत्येक बिट झटका-शांतता अशा जोडीने येतो. अखंड नॉइज असेल तर शांततेच्या जागीही झटका दिसतो, जोडी जुळत नाही आणि मॉड्यूल ते टाकून देतं. नॉइजमुळे हुकूम बुडतात, नवीन हुकूम सहसा तयार होत नाहीत. तेव्हा दुसरीकडे शोधा. पहिलं म्हणजे आधीच्या मालकाने कपाटात कुठेतरी सीएम११ए नावाचा पांढरा डबा सॉकेटला लावून ठेवलाय का बघा. तो कॉम्प्युटरला जोडून वेळापत्रक भरायचा असतो पण एकदा भरलं की कॉम्प्युटर नसला तरी तो स्वतःच्या मेमरीतून चालवत राहतो. घर विकलं, माणूस गेला, वेळापत्रक तसंच. रोज किंवा ठराविक वारी ठरलेल्या वेळेला दिवा लागत असेल तर हाच. मिनी टायमर असला तरी तोच प्रकार.

वेळ ठरलेली नसेल तर हाउस कोड, म्हणजे घरातल्या सगळ्या एक्स-१० वस्तूंना दिलेलं एक अक्षर, बघा. ए ते पी असे १६ कोड असतात आणि डब्यातून काढल्यावर सगळं ए वर असतं, पुष्कळजण ते बदलतच नाहीत. तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर शेजारची आणखी काही घरं आहेत आणि त्यातल्या कोणाकडे जुनं एक्स-१० असेल तर त्यांचा हुकूम तुमच्याकडे येऊ शकतो. शिवाय टीएम७५१ हवेतून ३१० मेगाहर्ट्झवर ऐकतं, शेजारच्या अंगणातला विसरलेला मोशन सेन्सर मांजर गेलं तरी तुमचा दिवा लावेल. सगळ्या मॉड्यूलचा कोड बदलून एम किंवा जे असा काहीतरी करा, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरे. तुमच्या स्वतःच्या अंगणातल्या झुडपात किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात जुना सेन्सर चिकटलेला आहे का तेही बघा.

आणि तिसरं, डायनिंगला एलईडी बल्ब लावलेत का? एक्स-१० च्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये लोकल कंट्रोल असतो, म्हणजे मॉड्यूल बंद असतानाही दिव्यातून बारीक करंट सोडतं, आणि दिव्याचं स्वतःचं बटण चालू-बंद केलं तर मॉड्यूलला करंटच्या बदलावरून कळतं आणि ते चालू होतं. फिलामेंटच्या बल्बला हे छान चालायचं. एलईडी किंवा सीएफएल त्या बारीक करंटने आतला कपॅसिटर भरतात आणि सोडतात, मॉड्यूलला वाटतं कोणीतरी बटण दाबलं. बंद असताना बल्ब मंद चमकतो किंवा लुकलुकतो का बघा, ती याचीच खूण. त्याच मॉड्यूलवर बल्बच्या जोडीला ४ वॉटचा फिलामेंटचा नाइट लॅम्प समांतर लावला की बहुतेक वेळा थांबतं. भिंतीतल्या जुन्या दोन तारांच्या डिमर स्विचवर मात्र एलईडी लावूच नका, ते स्विच बल्बच्या फिलामेंटमधूनच स्वतःची वीज आणि सिग्नल घेतात, त्यांना खरोखरचा लोड लागतो.

उपटून टाकायचं का? हा निर्णय भिंतीतल्या स्विच बॉक्सवर ठरतो. बहुतेक नवीन स्मार्ट स्विचला न्यूट्रल (परतीची पांढरी) तार लागते आणि स्विच बॉक्समध्ये न्यूट्रल ठेवायची सक्ती अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये २०११ च्या आवृत्तीपासून आली. तुमचं घर त्याच्या आधीचं, म्हणजे दोन-तीन बॉक्स उघडून आत पांढऱ्या तारांचा जुडगा आहे का ते बघा, अर्थात ब्रेकर पाडून. असेल तर झेड-वेव्ह वगैरे कुठलंही रेडिओवालं घ्या, त्यांना वायरीवरच्या नॉइजशी देणंघेणं नाही. नसेल तर ल्युट्रॉनच्या कसेटा डिमरसारखं न्यूट्रल न मागणारं बघा, नाहीतर पुन्हा वायरिंग. एकदम सगळं बदलायची घाई नको, जिथं रोज त्रास होतो ते लिव्हिंग रूम आणि बेसमेंट आधी बदला, वरचा मजला चालतोय तो चालू द्या. चांगलं चालणारं मॉड्यूल नुसतं जुनं आहे म्हणून कचऱ्यात टाकणं मला जड जातं, त्यातली पुष्कळ तीस वर्षं न कुरकुरता चालली आहेत.

पुण्याला मात्र ही नेऊ नका. ही १२० व्होल्ट ६० हर्ट्झची आहेत, तिथल्या २३० वर लावली की जळतील, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तर १२० किलोहर्ट्झचा सिग्नल त्यातून धड पलीकडे जात नाही. बदललेली मॉड्यूल इथंच ठेवा, वरच्या मजल्यावरचं एखादं बिघडलं तर स्पेअर म्हणून लागतील. तोवर संध्याकाळी ओव्हनची चाचणी करा आणि टीएम७५१ कुठल्या सॉकेटला आहे, ते सर्किट कुठल्या ब्रेकरवर आहे ते कळवा, मग कपलर कुठं बसवायचा ते नक्की सांगतो.